गुदमरतं म्हणजे नक्की काय होतं?

"कधीपासून होतंय असं?" डॉक्टरांनी मिस्त्रींच्या बायकोला विचारलं.

"महिना झाला," मिस्त्री म्हणाले. "म्हणजे मला कळून महिना. त्याआधीपासून असेल. ती लवकर बोलत नाही."

डॉक्टरांनी पुन्हा तिच्याकडेच पाहिलं. "चालताना होतं की बसल्या बसल्यासुद्धा?"

"म्हणजे ते..." तिने सुरुवात केली.

"चालताना," मिस्त्री म्हणाले. "जिना चढताना."

"दम लागतो?"

"हो, दम," मिस्त्री म्हणाले, आणि त्याच वेळी ती म्हणाली, "गुदमरतं."

डॉक्टर कागदावर लिहायचे थांबले. दोघांकडे आळीपाळीने बघून त्यांनी शेवटी काहीतरी लिहिलं. मग तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढायला पाठवलं. तासाभराने फोटो उजेडासमोर धरून ते म्हणाले, "फुप्फुसं ठणठणीत आहेत. श्वासनळ्याही मोकळ्या. घरी काही ताण वगैरे?"

"छे," मिस्त्री म्हणाले. "ताण कसला? दोघंच तर असतो."

ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती.

मिस्त्री लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करत. सगळं आयुष्य त्यात गेलं होतं. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या लिफ्ट त्यांना आवाजावरून ओळखू येत, आणि निम्म्या शहरात त्यांना 'लिफ्टवाले' याखेरीज नाव नव्हतं. त्या कामाने त्यांना एक सवय लावली होती. सगळं तपासायचं आणि तपासून झालं की पुन्हा एकदा तपासायचं. बायकोने गॅस बंद केला की ते बटण हाताने चाचपून येत. तिने दाराला कुलूप लावलं की ते ओढून बघत. ती फोनवर बोलू लागली की ते पलीकडून म्हणत, "तिला गुरुवारचंही सांग," आणि तिने गुरुवारचं सांगायच्या आत स्वतःच फोनच्या दिशेने ओरडून सांगत. यात राग नव्हता, संशय नव्हता. काळजी होती. लग्न झाल्यापासून त्यांनी तिला काही कमी पडू दिलं नव्हतं, आणि हे ते अभिमानाने सांगत.

घरी परतताना ते खुशीत होते. "बघ, काही निघालं नाही. मी म्हणतच होतो."

"तुम्ही कुठे म्हणत होतात?"

"मनात."

तरी स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी झोपायच्या खोलीतलं मोठं कपाट एकट्याने ढकलत बाहेरच्या खोलीत नेलं. खिडकीची जाळी काढली. स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणारा पंखा बसवला. ती दारात उभी राहून बघत होती. पंखा घरघरत सुरू झाला तेव्हा त्यांनी शिडीवरून विचारलं, "आता?"

"हवेचं नाही हो ते," ती म्हणाली.

"मग कशाचं?"

"नीट सांगता येत नाही मला."

"अगं, गुदमरतं म्हणजे हवा कमी पडते. गुदमरतं म्हणजे आणखी काय होतं?"

मिस्त्रींचं शब्दांच्या बाबतीत असंच होतं. ब्रेक म्हणजे ब्रेक, दोर म्हणजे दोर. एका शब्दाच्या पोटात दुसरा अर्थ असला तर तो त्यांना बनावट सुट्या भागासारखा वाटे.

त्यांची मुलगी लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती आली, आईशी बंद दाराआड बराच वेळ बोलली आणि बाहेर येऊन मिस्त्रींच्या समोर खुर्ची ओढून बसली. लहानपणी चुकल्यावर ती अशीच समोर येऊन बसे. आता चुकलेले ते होते असं काहीतरी त्या बसण्यात होतं.

"बाबा, आईला श्वासाचा त्रास नाहीये."

"तेच तर डॉक्टर म्हणाले."

"तिला तुमचा त्रास आहे."

मिस्त्री हसले. मग मुलगी हसत नाही हे बघून थांबले. "माझा? मी काय केलं?"

"तिला जरा स्पेस द्या."

"म्हणजे जागा? कपाट हलवलं की मी. दोनच खोल्या आहेत, तिसरी कुठून आणू?"

"बाबा!"

"अगं, मी दारूला शिवलो नाही. तुझ्या आईवर कधी आवाज चढवला नाही. एकटीला कधी कुठे पाठवलं नाही..."

"तेच!" मुलगी म्हणाली. "तेच तर म्हणतेय मी!"

मिस्त्रींनी स्वतःचं वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं. त्यात चूक सापडेना.

आठवड्याने बायकोने बॅग भरली. तिची मोठी बहीण दोन बस बदलून जायच्या अंतरावर एकटी राहायची. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली, बोलायला फटकळ बाई. तिच्याकडे थोडे दिवस राहून बघते, असं ती म्हणाली.

"बघते म्हणजे?"

"माझं मलाच कळत नाहीये. तिथे गुदमरलं नाही तर कळेल."

हे मात्र मिस्त्रींना समजलं. यंत्रातला दोष सापडेना तर एकेक भाग बाजूला काढून चालवून बघायचं असतं. फक्त या खेपेला बाजूला काढायचा भाग आपण आहोत, हे त्यांना गिळता येत नव्हतं. ते बॅग उचलून निघाले तेव्हा ती म्हणाली, "मी जाईन," आणि बॅगेचा पट्टा तिने त्यांच्या हातातून काढून घेतला. हळूच, पण काढून घेतला.

ती गेल्यावर घरात भांडी तेवढीच होती, आवाज मात्र निम्मे झाले. त्यांनी गॅसचं बटण चाचपलं. ते त्यांनीच बंद केलं होतं, तरी चाचपलं.

त्याच आठवड्यात एका कचेरीच्या इमारतीतून बोलावणं आलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत एक बाई होत्या. मिस्त्री दाराशी पोचले तर आतून दाणदाण हात आपटत होते.

"मी गुदमरतेय! उघडा!"

"घाबरू नका," मिस्त्री फटीला तोंड लावून म्हणाले. "वरून हवा येते. लिफ्टमध्ये कोणी गुदमरत नसतं." हे वाक्य ते आयुष्यभर म्हणत आले होते. ते खरंही होतं.

"अहो, मी सांगतेय ना, गुदमरतेय!"

"नाही बाई, तसं वाटतं. हवा भरपूर असते."

हात आपटणं थांबलं. मग बाईंचा आवाज आला, आधीपेक्षा खाली उतरलेला, त्यामुळे जास्त भयंकर. "मला काय होतंय ते तुम्ही बाहेर उभे राहून मला सांगणार?"

मिस्त्रींनी यंत्राच्या खोलीत जाऊन लिफ्ट हाताने खाली आणली, दार उघडलं. बाई घामाने निथळत बाहेर आल्या, त्यांच्याकडे न बघता जिन्याने उतरून गेल्या. मिस्त्री रिकाम्या लिफ्टमध्ये शिरले, तोंड वर करून झरोक्याखाली उभे राहिले. हवा येत होती. चांगली येत होती. मग बाई खोटं बोलत होत्या का? तसं म्हणवत नव्हतं. त्यांच्या डोक्यात काहीतरी अडकलं आणि तिथेच राहिलं.

दोन रविवार त्यांनी स्वतःला आवरलं. तिसऱ्या रविवारी आवरलं नाही.

मेहुणी तिसऱ्या मजल्यावर राहायची. इमारत जुनी, लिफ्ट नाही. मिस्त्रींना ही गोष्ट नेहमीच वैयक्तिक अपमानासारखी वाटत आली होती. दार मेहुणीनेच उघडलं.

"या भाऊजी. ती खाली दुकानात गेलीय, येईल इतक्यात. तुम्ही येणार असं बोलली नव्हती."

"मी सांगितलं नव्हतं तिला."

"बरं केलंत. सांगितलं असतंत तर इतक्यात परतली नसती." मेहुणी फटकळ होती म्हणजे किती, ते असं. "राग मानू नका, पण इथे आल्यापासून खुललीय हो ती. गप्पा काय मारते, हसते काय! आणि झोपते कुठे सांगू? त्या खिडकीशी, खुर्चीत. बसूनच. म्हटलं, बाई, पलंग आहे की. तर म्हणते, असं बसलं की मोकळं वाटतं. किती वर्षांचं साचलेलं असेल, सांगा."

मिस्त्रींनी खुर्चीकडे पाहिलं. पाठीला उशी होती, पायांशी स्टूल. बायकोला माझ्या घरात आडवं पडून जे मिळालं नाही ते इथे बसून मिळतं, असं त्यांच्या मनात आलं आणि ते बोटांची नखं बघत बसले.

जिन्यात पावलं वाजली. ती त्यांना लाखांत ओळखू आली असती. पावलं आली, थांबली. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा आली, पुन्हा थांबली. शेवटी दार ढकललं गेलं आणि ती हातात पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. त्यांना बघून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग लगेच गोंधळला. दोन्ही त्यांनी पाहिलं. तिच्या ओठांचा रंग उतरला होता. ती धडपडत खुर्चीपर्यंत गेली, बसली, आणि तोंड उघडून श्वास ओढू लागली.

"बघा!" मेहुणी पाणी आणायला धावली. "बघा भाऊजी, तुम्ही दिसलात आणि झालं सुरू. एवढ्या दिवसांत असं झालं नव्हतं."

मिस्त्री उठले. "मी जातो," एवढंच म्हणाले. तिने हाताने काहीतरी खूण केली. थांबा की जा, ते त्या हातावरून उमगत नव्हतं. ते जिन्याशी आले आणि एकेक पायरी उतरू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या दिसण्याने कोणाचा श्वास अडकतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता इथे यायचं नाही. ठरलं. तिला बरं वाटत असेल तर नाही यायचं, त्यात काय.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याशी एक कांदा पडला होता. तिच्या पिशवीतून घरंगळला असणार. म्हणजे इथे तिने पिशवी खाली ठेवली होती. मिस्त्रींनी कांदा उचलला आणि ते तसेच उभे राहिले.

ती इथे थांबली होती. खालीही थांबली होती. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण ते वर बसलेत, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

ते कांदा हातात घेऊन परत वर गेले.

"भाऊजी, आता पुन्हा सुरू करू नका," मेहुणीने दारातच अडवलं.

"ताई, ती मला बघायच्या आधीच थांबत होती. जिन्यात. दोनदा."

"तीन मजले आहेत. मीही थांबते."

"तुम्ही माझ्या बायकोपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या आहात," मिस्त्री म्हणाले. वयाचं बोलणं मेहुणीला लागलं असावं, कारण ती बाजूला झाली.

ते खुर्चीसमोर जमिनीवर बसले. तेव्हा त्यांना तिचे पाय दिसले. घोट्यांवर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ उमटला होता, दोन्ही बाजूंनी मांस फुगून आलेलं. ते काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. नुसती भीती वाटली. "हे बघ, पाय सुजलेत, म्हणजे तुला..." त्यांनी सुरुवात केली आणि मधेच तोंड मिटलं. मोठ्या कष्टाने मिटलं. मग म्हणाले, "तूच सांग. काय होतं?"

ती आधी श्वास सावरत राहिली. मिस्त्रींना तो वेळ सोसवत नव्हता. वाक्यं त्यांच्या जिभेवर येऊन उभी राहत होती. मेहुणी काही बोलणार, तर त्यांनी हात वर केला.

"दुसऱ्या मजल्यावर थांबावंच लागतं," ती म्हणाली. "रोज. आडवं पडलं की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं, म्हणून इथे बसते."

"मला म्हणालीस मोकळं वाटतं!" मेहुणी ओरडली.

"वाटतंच की मोकळं. बसलं की." तिने बहिणीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "सगळे म्हणाले मनाचं आहे. मलाही वाटलं, मनाचंच असेल. इथे येऊन मन तर बरं झालं. मग हे का जात नाही, ते कळेना. म्हटलं, जाईल हळूहळू."

त्या दिवशी संध्याकाळीच तिला मोठ्या इस्पितळात दाखल केलं. निदान व्हायला वेळ लागला नाही. हृदयातली एक झडप आकसली होती. लहानपणी कधीतरी आलेल्या तापाची ती मागे राहिलेली खूण होती आणि इतकी वर्षं ती गुपचूप घट्ट होत गेली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मिस्त्रींनी विचारलं नाही. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी आत नेऊन, तिच्या टोकाचा फुगा फुगवून डॉक्टरांनी झडप उघडली. दुसऱ्या दिवशी ती उशीवर डोकं टेकून आडवी झोपली होती. मिस्त्री पलंगाशेजारी बसून नुसते तिच्या पांघरुणाचं वरखाली होणं बघत राहिले.

मुलगी आली, तिने बापाच्या गळ्यात हात टाकले आणि रडली. "बाबा, मी काय काय बोलले तुम्हाला. आणि ते हृदयाचं होतं!"

"जाऊ दे गं," मिस्त्री म्हणाले. आतून मात्र त्यांना केवढं हलकं वाटत होतं! म्हणजे आपण नव्हतो. झडप होती. दोष सापडला, दुरुस्त झाला. त्यांनी घरी जाऊन चादरी बदलल्या, कपाट पुन्हा जागेवर ढकललं, आणि शेजाऱ्यांनी विचारलं नसतानाही सांगितलं, की मंडळी घरी येतायत.

घरी सोडायच्या दिवशी ती पलंगाच्या कडेला बसून केस विंचरत होती. मिस्त्रींनी बॅग भरून ठेवली होती.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"छान. किती वर्षांनी पोटभर श्वास घेतेय." तिने कंगवा मांडीवर ठेवला. "अहो, तुम्हाला एक सांगायचंय. मधे बोलू नका."

"नाही बोलत."

"श्वासाचं होतं ते गेलं. एकदम गेलं. म्हणून आता उरलेलं स्पष्ट कळतंय." ती थांबली. "सकाळी नर्स म्हणाली, आज घरी. तर ते पुन्हा झालं. छातीत नाही. श्वास नीट चालू होता, मी बघितलं ना हात ठेवून. तरी गुदमरलं."

पलीकडच्या पलंगावरच्या म्हातारीने कूस बदलली.

"मी काय केलं?" मिस्त्रींनी विचारलं. ही तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"काही नाही केलंत हो. सगळं केलंत. माझ्या वाटचंसुद्धा." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही त्या दिवशी परत वर आला नसतात तर मी आज नसते, मला कळत नाही का? म्हणून तर बोलवत नव्हतं. ज्याने वाचवलं त्यालाच असं कसं सांगायचं?"

"मग?"

"मी ताईकडे राहते. ती शिवणाचा वर्ग काढायचा म्हणतेय, मला शिकवायला ये म्हणते. भांडून नाही जात मी. तुम्ही येत जा. फोन करून या."

मिस्त्रींना एका दमात पुष्कळ विचारायचं होतं. येत जा म्हणजे पाहुण्यासारखं? राहते म्हणजे किती दिवस? आणि आपल्याला आत्ता, या क्षणी, छातीच्या मधोमध जे होतंय त्याला काय म्हणायचं? ते कोणत्या डॉक्टरला दाखवायचं? त्यांनी बॅग उचलली. मग आठवून खाली ठेवली, आणि तिने ती उचलेपर्यंत उभे राहिले.

हिवाळा सरत आला तेव्हा तिचाच फोन आला. वर्गासाठी कात्र्या घ्यायच्या होत्या. बाजारात येता का, तुम्हाला लोखंडातलं कळतं, असं म्हणाली. मिस्त्री दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

दुकानात त्यांनी विचारल्याशिवाय सल्ला दिला नाही. दोनदा विचारलं, दोनदा दिला. एकदा तिने तो मानला. बाहेर पडल्यावर ती झपाझप चालू लागली. असं चालताना त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं, की पूर्वी ते पुढे असत म्हणून दिसलं नव्हतं, कोण जाणे. गर्दीतून वाट काढत ती जात होती, मागे वळून काहीतरी सांगत होती, हसत होती. मिस्त्रींनाच आता थोडी धाप लागली होती. हळू चाल, असं त्यांनी म्हटलं नाही.

चौकात वाहनांची रांग होती. तिचं कोपर धरायला त्यांचा हात आपोआप पुढे गेला, आणि अर्ध्या वाटेवरून वळून त्यांनी तो शर्टाच्या खिशावर ठेवला, जणू खिसाच चाचपायचा होता. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि ती एकटी रस्ता ओलांडून गेली. मिस्त्री अलीकडेच राहिले.

मधून एक मालमोटार गेली. लांबलचक होती, जाता जाईना. ती सरली तेव्हा पलीकडच्या फुटपाथवर ती उभी होती, एका दुकानासमोर, मान वर करून. त्यांची वाट बघत होती की दुकानाची पाटी वाचत होती, ते मिस्त्रींना इतक्या लांबून कळेना. त्यांनी हाक मारली नाही. रस्ता मोकळा व्हायची वाट बघत ते तिथेच उभे राहिले.